साबण संपलाय

३ सप्टेंबर, मंगळवार

आज पुन्हा नवा चेहरा! मदत-केंद्रानं पाठवलेली ही कितवी बाई, मोजणं कधीच सोडलंय. टॉवेल कुठे, गरम पाण्याचा नळ कुठला, आईचा उजवा हात का ओढायचा नाही — सगळं पहिल्यापासून. आई समोर चाकाच्या खुर्चीत बसलेली, आणि ही मला विचारते, "यांना कळतं का हो?" मी म्हटलं, सगळं कळतं, बोलायला वेळ लागतो एवढंच. तर आईच्या कानाशी तोंड नेऊन — "आजीऽऽ, आंघोळ करायची नाऽऽ?" अहो, कान ठणठणीत आहेत तिचे!

माझी आई शाळेत खेळाची बाई होती. तिची शिट्टी वाजली की मैदानाच्या पार त्या टोकाचं पोरसुद्धा जागच्या जागी थिजायचं. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. बाकी बाई तीच आहे. पण हे दर आठवड्याला नव्या माणसाला कोण सांगत बसणार? गेल्या महिन्यात एक जण तिला संध्याकाळी उजेड असतानाच झोपवून गेली — का, तर हिची ड्युटी संपत होती. बाहेर लख्ख ऊन, आणि आई छताकडे बघत पडलेली.

मी तेव्हाही काही बोलले नाही. भांडायलासुद्धा अंगात जोर लागतो.

५ सप्टेंबर, गुरुवार

केंद्रातल्या मॅडम आल्या होत्या. नियम बदललाय म्हणे. आता केंद्र बाई पाठवणार नाही. ज्याला मदत हवी त्यानं आपलं माणूस आपण निवडायचं. कधी यायचं, काय करायचं, कसं करायचं, तेही त्यानंच सांगायचं. नाही पटलं तर काढून टाकायचं. पगार तेवढा केंद्र देणार.

मी म्हटलं, "बरं झालं! मी बघते कुणीतरी चांगली."

"तुम्ही नाही," मॅडम म्हणाल्या. "त्या बघतील."

आणि आईकडे वळून तिला सगळं पुन्हा सांगितलं, सावकाश, पण ओरडून नाही. महिनाअखेरीला त्या बघायला येणार. जमत नसेल तर घरातल्या कुणाला तरी आईचा प्रतिनिधी नेमता येईल. म्हणजे मला. मग सगळं मी ठरवायचं, आईला निवडीचा हक्क राहणार नाही.

आईचा डावा हात खुर्चीच्या दांडीवर आपटला. "मी... मा..."

"मालकीण!" मी म्हटलं. "हो आई, तू मालकीण."

तिला तेच म्हणायचं होतं की नाही, देव जाणे. तिनं डोळे मिटून घेतले.

८ सप्टेंबर, रविवार

दादाचा फोन. तिकडे लांब बसून बहिणीला अक्कल शिकवायचा वार! "आईला काय कळतंय माणसं निवडायला? तूच नेम कुणाला तरी आणि मोकळी हो." मोकळी हो म्हणे! मी म्हटलं, तू ये, चार दिवस राहा, मग कळेल कुणाला काय कळतं ते. तेवढ्यात त्याला दुसरा फोन आला. नेहमीच येतो.

९ सप्टेंबर, सोमवार

तीन जणी येऊन गेल्या. आई खुर्चीत ताठ बसलेली, निवड समितीच जशी काही. इस्त्रीचा गाऊन घालायला लावला मला.

पहिली सर्टिफिकेटांची पिशवी घेऊन आली. सगळी उत्तरं मला. आईकडे एकदाच पाहिलं, ते वजनाचा अंदाज घ्यायला.

दुसरी मला फार आवडली. मऊ आवाज, स्वच्छ नखं. आल्याबरोबर आईचे केस सारखे केले. "माझी शहाणी आजी ती! आपण छान छान राहायचं हं." मी तर मनातल्या मनात हिला नेमूनही टाकली. आई तिच्याकडे बघत होती ती शाळेत खोटं पोटदुखीचं कारण सांगणाऱ्या पोरीकडे बघायची तशी.

तिसरी उशिरा आली. धापा टाकत, बांगड्या वाजवत. आधी पाणी मागितलं, घटाघटा प्याली, पुन्हा मागितलं. मग सरळ आईच्या समोर बसली, माझ्याकडे पाठ करून. "शाळेत होतात ना तुम्ही? मग मी बाईच म्हणणार. बाई, सकाळी उठल्यावर तुम्हाला पहिल्यांदा काय लागतं?"

मी म्हटलं, "आधी बाथरूम, मग चहा, मग—"

"त्यांना विचारलं हो, ताई."

आणि थांबली. इतकी थांबली की मलाच कसंनुसं झालं. पंख्याची घरघर ऐकू यायला लागली. आईचे ओठ जुळत होते, सुटत होते. माझ्या जिभेवर दहा शब्द आले, दहाही गिळले.

"खि... खिडकी," आई म्हणाली. "उघडी."

दोन वर्षं मी रोज सकाळी हिला चहा पाजतेय. खिडकी!

१० सप्टेंबर, मंगळवार

आईनं तिसरी निवडली.

कपाळाला हात लावला मी. अगं, ती पहिल्याच दिवशी उशिरा आली. तोंडाचा पट्टा ऐकलास? जाताना जिन्यातून फोनवर काय आरडाओरडा, चौथ्या मजल्यापर्यंत कळलं असेल हिच्या नवऱ्याच्या स्कूटरला काय झालंय ते! दुसरी किती छान होती. आई मान हलवते — नाही. "ती... था..." मी थांबले, कशीबशी. "...थांबते."

थांबते! थांबायला काय अक्कल लागते? बसस्टॉपवर सगळेच थांबतात.

११ सप्टेंबर, बुधवार

बाई नऊला येणार म्हणून मी उजाडायच्या आत उठले. आईची आंघोळ, कपडे, केस, नाश्ता. चादर बदलली. बाथरूमची फरशी घासली, आरसा पुसला. परक्या बाईला पसारा कसा दाखवायचा? ती आली. चकाचक घर बघितलं, चकाचक आई बघितली. म्हणाली, "मग मी काय करू? जाऊ?"

आई हसली! खांदे हलेपर्यंत. किती दिवसांनी. माझ्यावर हसली, पण हसली.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

नाव ठेवलंय मी तिला. घडीबाई. कारण काम काय करते, तर हाताची घडी घालून बसते!

आज आई डाव्या हातानं गाऊनचं बटण लावत होती. एक बटण. ही समोर स्टुलावर, हाताची घडी, डोळे त्या बटणावर, सिनेमा बघितल्यासारखी. बटण काजात अर्धं जातंय, निसटतंय. पुन्हा. पुन्हा. मला दारात उभं राहवेना. गेले आणि पटापट सगळी लावून टाकली. काय मोठं काम ते! दोघी माझ्याकडे अशा बघत होत्या की आगाऊ मीच.

पगार कशाचा घेते ही? बसायचा? आणि बसल्या बसल्या तोंड चालूच. शेजारणीचं मांजर, नणंदेचा घटस्फोट, सगळं आईला साग्रसंगीत. आईला कशाला हव्यात लोकांच्या नणंदा? पण ऐकते. मध्येच एखादा शब्द विचारते, मग घडीबाई गप्प बसून वाट बघते, आणि मग पुन्हा नणंद.

चहा मात्र दर तासाला लागतो.

१४ सप्टेंबर, शनिवार

"ताई, साबण संपलाय." आणून दिला.

१५ सप्टेंबर, रविवार

तिची सुट्टी. सगळं पटापट उरकलं. आई दिवसभर गप्प.

१६ सप्टेंबर, सोमवार

"ताई, साबण संपलाय." परवा तर आणला! खाते की काय ही? शिवाय कोपऱ्यावरच्या दुकानातला नको म्हणे. बाजारातल्या मोठ्या दुकानातला, तो बाईंच्या कातडीला बरा पडतो. गेले बाई!

एवढ्या लांब आलेच होते, म्हणून चष्म्याच्या दुकानावरून गेले. मालक स्वतः यंत्रापाशी वाकून बसलेले, भुवयांवर काचेची भुकटी. ते बसलेत ते स्टूल दोन वर्षांपूर्वी माझं होतं. काच घासायची, फ्रेमला लावून बघायची, पुन्हा केसभर घासायची. मग ती जागेवर बसते तेव्हा बोटांना कळतं. आईचं हे असं झालं आणि सोडलं सगळं. मालकांनी कुणाला बसवलं नाही तिथे, अर्धवेळ पोरांवर भागवत राहिले.

"एक तारखेपासून येतेस का सांग," म्हणाले. "नाहीतर आता दुसरं माणूस बघावं लागेल. माझे डोळे गेले, तुझी वाट बघून बघून."

मी म्हटलं, आईचं नीट लागलं की सांगते. स्टुलावर दोन मिनिटं बसून आले. कुणाला काय सांगायचंय?

१७ सप्टेंबर, मंगळवार

घरात शिट्टी वाजली! मी भाजी चिरायची सोडून धावले, सुरी हातात. घडीबाईनं कुठल्याशा खणातून आईची शाळेतली शिट्टी शोधून काढली. धुतली, नवी दोरी लावली, आईच्या गळ्यात घातली. "हाक मारायला जीव जातो त्यांचा. फुंकायला काय!" एकदा वाजवली म्हणजे ये. दोनदा म्हणजे थांब.

मी आईच्या हनुवटीवरचं दूध पुसायला गेले. दोनदा वाजली.

दुपारभर पिर्र पिर्र! डोकं उठलं. शेजारीण दारात येऊन विचारून गेली, लहान मूल आलंय का कुणाचं?

१८ सप्टेंबर, बुधवार

आज घडीबाई पुन्हा उशिरा. मी बोलणारच होते, तोंडभर साठवून ठेवलं होतं. पण आईनं शिट्टी मारली, घड्याळाकडे बोट केलं, मग खिडकीबाहेर गोल बोट फिरवलं. एक फेरी! शाळेत उशिरा आलेल्या पोरांना मैदानाला फेरी मारायला लावायची, तसंच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चांगली पोराबाळांची आई आहे ती, आणि तिला—

ती गेली की! चपला हातात घेऊन इमारतीला फेरी मारून आली. आई खिडकीतून मान वाकडी करून बघतेय, नीट पळते की नाही. वर येऊन म्हणाली, "बाई, पोटात कळ आली हो!" आईनं तिला पाणी दिलं. स्वतः. पेला निम्मा सांडला.

मी केंद्राच्या बायकांशी दोन वर्षं भांडले नाही. आईनं आठवड्यात शिस्त लावली. हे बरं की वाईट, मला ठरवता येत नाही.

२० सप्टेंबर, शुक्रवार

आईच्या कपाटात स्वेटर शोधत होते. खाली साबण! नवे कोरे, कागदासकट, एकावर एक रचलेले. मी समजत होते ही घरी नेते. संशय घेतला तिच्यावर, मनात का होईना. नेत नाही म्हणजे. मग काय लोणचं घालायचंय त्यांचं? विचारलं तर म्हणते, "असू दे की ताई. साबण काय नासतोय?" आई खिडकीबाहेर बघत होती.

विसरभोळी आहे, नाहीतर डोक्यानं अर्धवट. अशा बाईच्या जिवावर आईला टाकून मी दुकानात जाऊन बसू?

२१ सप्टेंबर, शनिवार

आडवी पडून लिहितेय. अक्षर लागलं नाही तर नाही.

सकाळी पुन्हा — "ताई, साबण..." मी म्हटलं, कपाटात दुकान मांडता येईल एवढे आहेत! "मग पावडर आणा." निघाले. अर्ध्या वाटेत कळलं पाकीट घरीच राहिलं. परत आले, दार उघडलं, तर आई जमिनीवर! पलंगाला टेकून, पाय पसरून. एक मोजा पायात, एक हातात. आणि शेजारी जमिनीवर घडीबाई, हाताची घडी घालून. आणि दोघी हसतायत!

तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्या आईला पाडून हसतेस?" काय काय बोलले, सगळं आठवतही नाही. आयतं बसून खाणारी म्हटलं, ते आठवतं.

ती शांतपणे म्हणाली, "पाडलं नाही, ताई. मोजा घालताना घसरल्या. लागलं नाही, बघितलं मी सगळं. स्टूल धरून आपलं आपण उठते म्हणाल्या. मी इथेच आहे ना."

आईनं दोनदा शिट्टी मारली. थांब. मी कसली थांबते! बगलेत हात घातले आणि एकटीनं उचलून आईला पलंगावर बसवलं. कमरेत कटकन झालं. मी तिथेच वाकडी.

तशीच भिंत धरून फोनपाशी गेले. मॅडमना म्हटलं, आईला हे नाही जमत. मला प्रतिनिधी करा. त्या म्हणाल्या, शुक्रवारी येते, तेव्हा सही करा. झालं. सुटले. आता ती मऊ आवाजाची बाई बोलावीन.

आईनं सगळं ऐकलं. शिट्टी गळ्यातून काढली आणि गादीवर ठेवून दिली.

२२ सप्टेंबर, रविवार

डॉक्टर म्हणतात, उठायचं नाही. आईला बघणार कोण? दादाला फोन केला. "अरेरे," म्हणाला.

नऊ वाजता दार वाजलं. घडीबाई! सुट्टीच्या दिवशी. काल एवढं ऐकून घेतलेली. मी म्हटलं, "तुम्ही कशा आलात?"

"फोन आला बाईंचा. नुसती शिट्टी वाजली हो फोनवर. दुसरं कोण असणार?"

आधी आईची खिडकी उघडली तिनं. मग माझ्या कमरेला शेक दिला. एक शब्द टाकून बोलली नाही. टाकून बोलली असती तर बरं वाटलं असतं मला.

२३ सप्टेंबर, सोमवार

आतल्या खोलीत ओंडक्यासारखी पडून आहे. दिसत काही नाही, ऐकू सगळं येतं. दुपारी जेवणाच्या वेळी चमचा वाटीला लागला. टक्. मग कितीतरी वेळ काहीच नाही. मग पुन्हा टक्. मी मनात म्हणतेय, किती सावकाश भरवते ही बया, सूप थंडगार झालं असेल. राहवेना. भिंत धरत धरत उठले, दारापर्यंत गेले.

आई आपल्या हातानं जेवत होती.

डाव्या हातानं. चमचा तोंडाशी जाईपर्यंत निम्मा सांडत होता. गळ्याशी मोठा फडका, फडक्यावर सूप, हनुवटीवर सूप, गाऊनवर सूप. घडीबाई समोर हाताची घडी घालून, नजर चमच्यावर. आईचं कपाळ घामेजलेलं. पण जेवत होती!

दोन वर्षं मी भरवतेय हिला. तिन्ही त्रिकाळ. सांडायला नको, ठसका लागायला नको, डाग पडायला नको म्हणून. हात दुखेस्तोवर.

आईनं मला पाहिलं आणि चमचा खाली ठेवला. मी विचारलं, "माझ्यासमोर का नाही जेवलीस अशी? एकदा तरी?"

तिनं तोंड उघडलं. मी दाराची चौकट घट्ट धरली आणि गप्प उभी राहिले. घडीबाई पण गप्प. केवढा वेळ गेला! मग आली सगळी वाक्यं, तुकड्या-तुकड्यानं.

"पहिल्यांदा... केलं होतं. सांडलं. तुझं तोंड... मला बघवेना."

परत येऊन पडले. उशीत तोंड घालून रडले. कंबर दुखत होती, ती निमित्ताला बरी पडली.

२५ सप्टेंबर, बुधवार

कंबर जरा सुटलीय. आईशी बोलले नाही. तीही नाही. मालकांचा निरोप आला. शुक्रवारनंतर सांगते म्हटलं.

सही करायची की नाही? तिनं घसरावं आणि मी दुकानात काचा घासत बसावं, हे जमेल मला? आणि सही केली तर ती पुन्हा माझ्या हातून आ करून खाणार. तेही आता कसं जमायचं?

२७ सप्टेंबर, शुक्रवार

मॅडम आल्या. टेबलावर कागद ठेवला. आईला विचारलं, "काय झालं त्या दिवशी?"

मी म्हटलं, "मोजा घालताना—"

दोनदा शिट्टी! मॅडम दचकून खुर्चीत उडाल्या. आईनं आधी माझ्याकडे बोट केलं, मग घडीबाईकडे, मग दाराकडे. मैदानाबाहेर.

मग काय, आम्ही दोघी जिन्यात. दार आतून लोटलेलं. घडीबाई पायरीवर बसली, हाताची घडी. मला बसता येईना, कठड्याला टेकले. आतून आवाज येत नव्हता. म्हणजे आई बोलत होती.

मी म्हटलं, "कंटाळा नाही येत तुम्हाला? असं नुसतं बसायचा?"

"नुसतं कुठलं, ताई!" म्हणाली. "हात मोकळे सोडले की पुढे धावतात मेले. म्हणून बांधून ठेवते. आधी एका आजोबांकडे होते, त्यांचं सगळं मीच करायची. बूट, दाढी, घास. फटाफट. घरचे खूश, मी खूश. आणि आजोबा बसले ते बसलेच. शेवटी त्यांना पाण्याचा पेला उचलायची आठवणच राहिली नाही." नाक ओढलं. "घरी गेले की खांदे भरून येतात हो. ढीगभर कपडे धुतलेले परवडले."

मी तिच्या हातांकडे नीट पाहिलं. बोटं दंडांत रुतलेली होती, वळ उठलेले. सोळा दिवस समोर बसलीय माझ्या ही बाई. मला घडी दिसली, बोटं दिसली नाहीत.

"त्या दिवशी बोलले तुम्हाला," मी म्हटलं. "चुकलं माझं."

"ते होय? मी तर विसरले. नणंद याहून वाईट बोलते."

बऱ्याच वेळानं मॅडमनी दार उघडलं. डोळे जरा लाल. "त्यांना प्रतिनिधी नको आहे. मी माझं बघेन, म्हणाल्या. वेळ लागला, पण स्वच्छ म्हणाल्या. पडण्याचं विचारलं, तर म्हणाल्या, खेळात पडतातच." मग मला, "तुमचं काही म्हणणं?"

होतं. पुष्कळ होतं. म्हटलं, "मालकीण आत आहे. तिनं सांगितलंय ना?"

कागद मॅडमच्या पिशवीत परत गेला. मला भीती वाटतेय. लिहून ठेवते, नाकारायचं कशाला?

१ ऑक्टोबर, मंगळवार

दुकान. माझं स्टूल. पहिली काच वाकडी बसली, मालकांनी बघून न बघितल्यासारखं केलं. दुपारी जेवणाच्या वेळी हात फोनकडे गेला, मागे घेतला. पुन्हा गेला. पुन्हा घेतला. घरी आले तर आईच्या गाऊनची बटणं वरखाली लागलेली. सगळी लागलेली! बोटं शिवशिवत होती नुसती. पाठीमागे बांधून उभी राहिले.

६ ऑक्टोबर, रविवार

घडीबाईची सुट्टी. सकाळी उठून आधी खिडकी उघडली. आईला खुर्चीत बसवून बाथरूममध्ये नेलं, पाणी काढलं, बाह्या वर केल्या.

आई म्हणाली, "साबण... संपलाय. घेऊन ये."

मी म्हटलं, अगं कपाटात ढीगभर—

आणि तिच्या तोंडाकडे बघितलं. खेळाची बाई. अजिबात हसत नव्हती.

म्हणजे इतके दिवस मला बाहेर पिटाळत होती ती घडीबाई नव्हे!

बरं म्हटलं. पाणी, टॉवेल, गाऊन सगळं तिच्या डाव्या हाताशी ठेवलं. शिट्टी गळ्यात आहे ना बघितलं. झालं की वाजव म्हटलं, आणि दार ओढून घेतलं.

दुकानापर्यंत काही जाववलं नाही. जिन्यात, दाराबाहेरच्या पायरीवर बसलेय. वही पिशवीत होती म्हणून लिहितेय, नाहीतर हे हात मला आत घेऊन गेले असते. पाण्याचा आवाज आला. नंतर काहीतरी पडलं, तांब्या असावा. मग बराच वेळ काही नाही. आता पुन्हा पाणी.

शिट्टी अजून नाही. वही मिटते आणि हाताची घडी घालते.